दीड मीटरचा गोल

"थांब, आधी मोजतो," असं म्हणून आमचे हे हॉटेलच्या रॅम्पवर ओणवे झाले आणि मी खाली उन्हात चाकांच्या खुर्चीत बसून राहिले.

सकाळपासूनचा प्रवास झालेला. वाटेत कुठे सोय होईल याचा भरवसा नाही म्हणून उठल्यापासून मी जेमतेम घोटभर पाणी प्यायले होते, तरी व्हायचं ते होतच असतं. मला एका गोष्टीची निकड होती आणि यांना दुसऱ्याच. खिशातून टेप निघाली, पिशवीतून उतार बघायची लेव्हल निघाली, चष्मा कपाळावर गेला.

"अहो, मला वर घ्या आधी. मग मोजत बसा संध्याकाळपर्यंत."

"अगं, बारा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, असा नियम आहे. हा जरा उभा वाटतोय."

"ढकलणारे तुम्हीच आहात. चार पावलांत धाप लागली की समजा उभा आहे."

धाप लागली. वर पोचतोय तर रॅम्पच्या तोंडाशी माणसाच्या उंचीची कुंडी, अगदी मधोमध. डावीकडून खुर्ची जाईना, उजवीकडून जाईना. ऐन चढावर आम्ही दोघं अडकलो, मी कुंडीकडे बघत आणि हे मागून खुर्चीला छाती लावून. तेवढ्यात आतून मॅनेजर पळत आला. तरुण होता, इस्त्रीतून नुकताच काढल्यासारखा.

"सॉरी सर, सॉरी मॅडम. शोभेसाठी ठेवलीय. हा कोपरा मोकळाच पडला होता ना."

"मोकळा पडला नव्हता," हे धापा टाकत म्हणाले. "मोकळा ठेवला होता. मी ठेवला होता."

मॅनेजरला काही कळलं नाही. त्याने हसून कुंडी सरकवली.

आमचे हे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहेत. मोठे साहेब हवेत हात फिरवून सांगतात, "असं काहीतरी भव्य," आणि ते भव्य किती फूट किती इंच ते कागदावर आणायचं काम यांचं. पूर्वी शाईने, आता कॉम्प्युटरवर. जन्मभर हॉटेलं काढली. खोली केवढी हवी, खिडकी खोलीच्या कितव्या हिश्शाएवढी हवी, आग लागली तर उतरायला दोन जिने हवेत आणि ते एकमेकांपासून लांब हवेत, मळक्या चादरी आणि जेवणाची ताटं एका लिफ्टमधून जाता कामा नयेत, सगळं तोंडपाठ. जेवताना हेच बोलणं. आणि आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघराला खिडकीच नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, तुमच्या नियमाप्रमाणे मी इथे राहूच शकत नाही." तर म्हणाले, "तू कुठे पाहुणी आहेस?" हा त्यांचा विनोद. वर्षातून एखादा करतात, तोही असला.

मी शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं, कणा राहिला आणि पाय गेले. मशीन पायाचं होतं, ते विकून टाकलं. आता काजं, बटणं, हातशिलाई असली कामं करते. हात धड आहेत, डोकं धड आहे, जीभ तर तुम्ही ऐकताच आहात. अंघोळ माझी मी करते, कपडे माझे मी घालते. घोडं अडलं ते आमच्या बाथरूमच्या दाराशी. दारातून खुर्ची जात नव्हती, दोन बोटांसाठी अडत होती. घरमालकाला विचारलं, चौकट जरा रुंद करू का, खर्च आमचा. तो म्हणाला, "भिंतीला हात लावायचा नाही. आज चौकट म्हणाल, उद्या गच्ची मागाल." मग यांनी दाराची फळीच बिजागऱ्यांसकट काढून टाकली. ती दोन बोटं मिळाली, खुर्ची आत गेली, आणि दाराच्या जागी पडदा आला.

तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं झाली, मी पडद्यामागे आहे. पंखा लागला की पडदा फुगतो. कोणी बाहेरच्या दाराची बेल वाजवली की मी आत दगडासारखी बसते. पाहुणे आले की मी पाणी पीत नाही. माझा सख्खा भाऊ दोन दिवस राहायला येतो, कौतुकाने येतो बिचारा, आणि मी मनात म्हणत असते, हा कधी जाईल. आतून कडी लावून बसणं ही काय कोणाकडे मागायची गोष्ट आहे? पण मला तीच हवी होती. पायांची आशा मी केव्हाच सोडली होती, दाराची सुटत नव्हती.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. हे ऑफिसातून आले ते चाचरतच. नव्या हॉटेलची तपासणी आहे, म्हणाले. तारे मिळायचेत. नियमाप्रमाणे चाकांच्या खुर्चीतल्या पाहुण्यासाठी एक खोली ठेवावी लागते. मोठे साहेब म्हणतायत, वहिनींनाच घेऊन जा, एक रात्र फुकट राहा, अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष माणूस दिसलं म्हणजे बरं पडतं.

मी भडकलेच. "म्हणजे मी नमुन्याला?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. कापडदुकानाच्या काचेत पुतळा उभा करतात, तशी मी बसवायची. आणि तुम्ही मान हलवून आलात."

हे हातपाय धुऊन आले, जेवण झालं. मग जेवणाचं ताट पुसता पुसता म्हणाले, "बाथरूमचं दार सरकतं आहे. चांगलं तीन फूट रुंद. आतून कडी आहे, तुझ्या हाताला येईल अशी. मीच काढलंय."

मी सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर विचारलं, "निघायचं कधी?"

तर अशी मी त्या हॉटेलात आले होते. बघायला नाही, राहायला नाही, एका कडीसाठी.

खोली तळमजल्यावर, लॉबी ओलांडून कोपऱ्यात होती. अधिकारी वरचे मजले बघत होते, ते थोड्या वेळात खाली येणार होते. मॅनेजरने कार्ड टेकवून दार उघडलं. रुंद दार. दिव्यांची बटणं खाली, बसल्या जागेवरून हाताला येतील अशी. पलंग माझ्या खुर्चीच्या उंचीचा. खिडकी इतकी खाली, की बाहेरचं झाड मला बुंध्यापासून दिसत होतं. नाहीतर खुर्चीत बसल्यापासून मी झाडांचे नुसते शेंडेच बघतेय. आमच्या यांच्याबद्दल मला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मागे वळून पाहिलं, तर यांचा चेहरा पांढराफटक.

खोलीच्या मधोमध फरशीत एक भलामोठा गोल होता. हिरव्या आणि पांढऱ्या दगडाचा, आत पाकळ्या, कडेने पितळी पट्टी. गोलाच्या बरोबर मध्यावर एक गोल टेबल. टेबलावर फुलदाणी.

"हे काय आहे?" यांनी विचारलं.

"आवडलं ना, सर?" मॅनेजर खुलला. "तुमच्याच नकाशातलं आहे. मिस्त्रींनी खपून केलंय. मालकांना इतकं आवडलं, की वरच्या सगळ्या मोठ्या खोल्यांत करून घेतलं. जाहिरातीत फोटोही ह्याचाच टाकलाय."

हे पलंगावर बसले.

मला काही उलगडा होईना. दोनदा विचारल्यावर यांनी सांगितलं ते असं. चाकांच्या खुर्चीला जागच्या जागी वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते. ती सोडलेली आहे हे दाखवायला नकाशात तुटक रेषेचा गोल काढतात. तुटक रेष म्हणजे इथे काही बांधायचं नाही, जागा रिकामी ठेवायची. यांनी आयुष्यभर असे गोल काढले आणि कधी काही झालं नाही. इथे मालकाने पैसे वाचवायला आमच्या ऑफिसची देखरेख घेतली नाही, नुसते नकाशे घेतले. मिस्त्रीने नकाशात गोल पाहिला आणि गोल बांधला. गोल झाला म्हणून कोणाला तरी गोल टेबल सुचलं. टेबल आलं म्हणून फुलदाणी आली. माझ्यासाठी राखलेल्या जागेत मी सोडून सगळं होतं.

"तुटक रेष होती ती," हे म्हणाले. "तुटक रेष कोणी बांधतं का?"

"पितळी पट्टी तुकड्यातुकड्यांचीच लावलीय, सर," मॅनेजर म्हणाला. "अगदी नकाशाप्रमाणे."

मी वाकून पाहिलं. खरंच, बोटभर पट्टी, बोटभर फट, बोटभर पट्टी. मला हसू फुटलं. त्या अवस्थेत हसणं मला परवडणारं नव्हतं, तरी हसले. यांना ते लागलं, पण करणार काय, हसू आलं.

"टेबल तेवढं बाजूला घ्या," मी मॅनेजरला सांगितलं. टेबल हललं. फरशी सपाट होती, पट्टी कुठे टोचत नव्हती. मी खुर्ची गोलावर नेली आणि जागच्या जागी फिरवून दाखवली. "बघा. होतंय की. पाकळ्यांवर फिरले म्हणून काय बिघडलं? तोंड पाडून बसू नका. मला आता बाथरूमला जायचंय."

हे ताडकन उठले.

"थांब जरा," म्हणाले. "बाथरूममध्ये पण गोल आहे."

दार मीच सरकवलं. यांनी सांगितलं होतं तसंच होतं, रुंद, हलकं, आणि कडी हाताशी. पलीकडे भिंतीला कमोड, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, खाली घेतलेला आरसा. आणि दारापासून कमोडपर्यंतच्या जागेत तो गोल. पण हा सपाट नव्हता. चार बोटं उंच दगडी काठ बांधून काढलेला, विहिरीला असतो तसा.

मी खुर्ची पुढे घेतली. पुढची चाकं काठाला लागून थांबली. मागची चाकं अजून दारातच. मागे घेऊन जोर लावून पाहिलं, पुन्हा थांबली. मी निम्मी आत आणि निम्मी बाहेर. दार लावायचं तर ते माझ्या खांद्यावर येऊन आपटणार.

"मी उचलतो," हे मागून म्हणाले. "मॅनेजरना बाहेर जायला सांगतो. उचलून बसवतो तुला, मी तोंड फिरवून उभा राहतो."

"त्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं? दाराशिवाय बसणं घरी होतंच की."

"अगं, पण तुला..."

"मला काय होतंय ते मला माहीत आहे. हात लावायचा नाही."

आवाज चढला माझा. मॅनेजर दाराकडे सरकला. यांच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता, हे कळत होतं. पण मग ओरडायचं कोणावर? घरमालक चौकटीला हात लावू देत नाही म्हणून मी चार वर्षं गप्प बसले. आज जगात एक बाथरूम नियमाने माझ्यासाठी बांधलं होतं, माझ्याच नवऱ्याने काढलं होतं, आणि त्यातही मला दारातच थांबवलं होतं. आगीतून निघून फुफाट्यात. मी खुर्ची मागे घेतली आणि खिडकीशी जाऊन बसले. खुर्चीच्या दांड्या आवळून धरल्या. इतका राग आला होता, की त्या झाडाचासुद्धा आला.

यांनी मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज फोनबाहेर येत होता. "अहो, आज काही काढू नका. आज फक्त हो म्हणा. तारे मिळू द्या, मग बघू काय फोडायचं ते. एवढं मोठं गिऱ्हाईक आहे." फोन ठेवून हे माझ्याकडे न बघता उभे राहिले. यांची निवृत्ती जवळ आली होती आणि पुढेही ठेवून घेऊ असं साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. आमचं घरभाडं त्या तोंडी शब्दावर होतं. ते मलाही माहीत होतं.

अधिकारी आले ते एकटेच, फाइल आणि टेप घेऊन. थकलेले दिसत होते. मजलेच्या मजले दारं मोजून माणूस थकणारच. मला नमस्कार केला, "वा, मॅडम स्वतः आल्यात," म्हणाले आणि कामाला लागले. दाराची रुंदी, बरोबर. बटणांची उंची, बरोबर. पलंग, बरोबर. प्रत्येकाला पेनाने बरोबरची खूण. मग फरशीकडे पाहिलं.

"दीड मीटर व्यासाचं वर्तुळ," ते वाचत म्हणाले. टेप घेऊन वाकले आणि पितळी पट्टीपासून पितळी पट्टीपर्यंत मोजलं. "दीड मीटर. आहे." खूण. बाथरूममध्ये गेले. काठाच्या आतून मोजलं. "दीड मीटर. हेही आहे." खूण.

मी यांच्याकडे पाहिलं. हे घसा खाकरत होते. सरकारी माणसासमोर यांचा आवाज आजवर मी ऐकलेला नाही. रेशनच्या रांगेतसुद्धा मीच बोलते.

"साहेब," हे म्हणाले, "ते वर्तुळ नाहीये."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काय आहे?"

"जागा आहे. म्हणजे, रिकामी असायला हवी होती. वर्तुळ नुसतं दाखवायला काढलेलं असतं."

"नियमात वर्तुळ लिहिलंय. नकाशात वर्तुळ आहे. फरशीवर वर्तुळ आहे. आता ते नाही म्हणून मी कसं लिहू? उलट इतकं स्वच्छ वर्तुळ मी कुठल्याच हॉटेलात पाहिलं नाही."

मॅनेजर यांना डोळ्यांनी खुणावत होता, पुरे करा म्हणून. यांच्या कपाळावर घाम आला होता, पण आवाज बंद झाला नाही. "साहेब, ती खूण खोडा," म्हणाले. "माझं काम आहे ते. चुकलंय."

"तुमचं चुकलं असेल, पण मोजमाप बरोबर आहे," अधिकारी म्हणाले. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते असं. मला आता थांबणं शक्यच नव्हतं, कुठल्याच अर्थाने.

"साहेब, खूण राहू दे की," मी म्हटलं. "मला बाथरूमला जायचंय. मी जाऊन येते. मी दार लावून आत जाऊन आले, तर खूण तशीच ठेवा."

ते बाजूला झाले. मी खुर्ची फिरवली आणि सरळ बाथरूमच्या दारात नेली. चाकं काठावर आदळली. पुन्हा नेली, पुन्हा आदळली. तिसऱ्यांदा जरा जोरातच नेली, लॉबीपर्यंत आवाज गेला असेल. मग तशीच निम्मी आत, निम्मी बाहेर बसून राहिले आणि दार ओढलं. ते माझ्या खांद्याला येऊन टेकलं.

"जरा कोणी उचललं तर..." अधिकारी म्हणाले.

"कोण उचलतंय? तुम्ही?"

त्यांनी काठाकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. फाइल उघडून त्यांनी खूण खोडली, आणि मॅनेजरला म्हणाले, "हे असं असेल तर खोलीच धरता येणार नाही. खोली नाही तर तारे नाहीत."

मग मात्र सगळे हलले. मॅनेजरने मालकाला फोन केला. मालक फोनवरच किंचाळला. पण तारे म्हटल्यावर किंचाळणं आपोआप खाली आलं. मिस्त्री मागच्या बाजूला पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्या बसवत होता, त्याला बोलावून आणलं. पन्नाशीचा असेल, हाताला दगडाची पांढरी भुकटी, कानावर पेन्सिल. काय करायचंय ते ऐकलं तेव्हा त्याला आधी पटेचना.

"फोडू? हा काठ? असा गोल दगडात घासून काढायला काय लागतं माहितीये का?"

"तुटक रेष होती," आमचे हे पुन्हा म्हणाले. तेवढंच एक वाक्य होतं त्यांच्याकडे.

मिस्त्री त्यांच्याकडे वळला. "तुम्हीच काढलाय का नकाशा? मग मला सांगा, भिंत दाखवली ती पण रेघच होती ना? ती बांधली तेव्हा कोणी काही बोललं नाही. जिन्याची रेघ बांधली, ओट्याची रेघ बांधली. ही एकच रेघ बांधायची नाही, हे मला कोण सांगणार? बाथरूममध्ये गोल दिसला. म्हटलं, अंघोळीचं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून बांध असणार. वर डोकं लावून उंच केला."

"खोलीतला नाही उंच केला," अधिकारी म्हणाले.

"खोलीत कोण अंघोळ करतं, साहेब?"

अधिकाऱ्यांनी फाइलीत डोकं घातलं. हे म्हणाले, "लिहायला हवं होतं मी. इथे काही बांधू नये, असं." आणि मिस्त्रीला म्हणाले, "काम फार सुंदर झालंय." खरंच तसं म्हणाले. मला त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात ती फुलदाणी घालावीशी वाटली.

"मिस्त्री," मी म्हटलं, "तुमचं दोघांचं कोण चुकलं ते जेवताना ठरवा. मला जायचंय. आणि केव्हापासून जायचंय."

त्याने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. खुर्चीकडे, चाकांकडे, काठाकडे. मी कोण आणि तो गोल कोणासाठी होता, हे त्याला बहुतेक तेव्हाच कळलं.

"असं आहे होय, ताई," तो म्हणाला. "मग आधी तुमच्यापुरती वाट करून देतो. बाकीचं मागून फोडू."

छिन्नी लावली. पहिला घाव घालताना त्याने तोंड वाकडं केलं, ते मी पाहिलं. पण नंतर थांबला नाही. काठ दाराकडून फुटला, मग कमोडकडून. दगडाचे कपचे उडाले, माझ्या मांडीवरही आले. हे खाली बसून कपचे गोळा करू लागले आणि अधिकारी फाइलने धूळ वारू लागले. मिस्त्रीने फडक्याने जागा पुसली, मग तळहात टेकवून हळूहळू फिरवला, कुठे टोक राहिलंय का ते बघायला. एका ठिकाणी बोट कापलं त्याचं. ते टोक त्याने घासून काढलं आणि म्हणाला, "जावा आता."

खुर्ची गेली. जरा खडखडली, पण गेली, मागच्या चाकांसकट. मी हात मागे नेऊन दार ओढलं. ते एका बोटाने सरकत आलं आणि चौकटीला लागलं. कडी लावली.

काम झालं. हात धुतले. आता बाहेर यायला काहीच हरकत नव्हती. बाहेर चार पुरुष ताटकळत होते आणि त्यांतल्या एकाच्या हातात पेन होतं. पण माझ्याच्याने कडीला हात लाववेना. रडू आलं, ते मी येऊ दिलं. बाहेर ऐकू गेलं असतं तरी कोणाला दिसणार नव्हतं. उद्या घरी गेलं की पुन्हा पडदा, पुन्हा पाहुण्यांचे दिवस मोजणं. घरमालक काही बदलणार नव्हता. यांची नोकरी पुढे राहील की नाही, तेही आता सांगता येत नव्हतं. मला ते सगळं माहीत होतं आणि तरी मी खुशाल बसून होते. आरशात तोंड बघितलं. केस सोडले, परत बांधले. पदराला लागलेली दगडाची भुकटी झटकली. नळ उगीच चालू केला आणि उगीच बंद केला. कोणी बघत नसलं की माणूस किती निवांत असतं, ते मी विसरूनच गेले होते.

बाहेरचं बोलणं थांबलं. कोणाची तरी पावलं दारापाशी आली.

दारावर टकटक झाली. हळू, दोनदा. हेच असणार. चार वर्षांत यांनी कधी टकटक केली नव्हती, पडद्यावर कोण टकटक करणार? टकटक करून हे तिथेच थांबले होते, माझ्या उत्तराची वाट बघत.

"आहे," मी आतून म्हटलं. "मी आहे आत."